कोहळ्याला पहिली सुरी

ह्या सदरातले अनुभव मी तीन-चार वर्षांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. "त्या दिवशी अमावस्या होती, आणि अचानक कुत्री भुंकायला लागली..." अहो, कुत्री भुंकणारच, त्यांचं कामच ते. एक-दोघांना तर मी खाली प्रतिक्रियेत विचारलंही होतं, की रात्री जेवण जड झालं होतं का म्हणून. ज्यांना लागलं असेल त्यांची आधी माफी मागते. कारण आज मीच लिहायला बसलेय, आणि माझ्या अनुभवात ना अमावस्या आहे ना कुत्री. जे झालं ते भर दिवसा, वीसेक लेकरांच्या गोंगाटात झालं.

मी मेहकरला राहते. बी.एस्सी., बी.एड., आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. लग्नानंतर सहा वर्षांनी, बरेच दवाखाने झाल्यावर विहान झाला. मग नोकरी सोडली आणि डोणगाव रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीत, घराच्याच खालच्या मजल्यावर नर्सरी आणि पाळणाघर सुरू केलं. नवऱ्याचं, म्हणजे सचिनचं, गावात हार्डवेअरचं दुकान आहे. सासूबाई डोणगावला शेतावर असतात, भाजीपाला करतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आणि नर्सरीत मदतीला संगीताताई. तिचं माहेर उंद्रीचं, चिखलीच्या पुढचं.

ही गोष्ट दोन वर्षांमागची. विहान तेव्हा दहा महिन्यांचा होता, आणि रडका. किती रडका? कॉलनीतले लोक त्याच्या रडण्यावर घड्याळ लावायचे. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, काही नाही, तरी टाहो. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, की ह्याला भाषणाला उभं करा, माइकचे पैसे वाचतील. मी हसले, पण आतून वैतागून गेले होते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची आणि आपलं पोरगं कडेवर आकाशपाताळ एक करतंय... सहा वर्षं ज्याच्यासाठी देव आणि डॉक्टर दोन्ही केले, त्याच्यावर मी त्या दिवसांत दोनदा-तीनदा खेकसलेही होते. लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

तर, हॅलोविन. मेहकरात हॅलोविन कशाला, असं तुम्ही म्हणाल. सचिनही म्हणाला होता. पण गावात दुसरी एक नर्सरी निघाली होती, आणि त्यांचे दर पंधरा दिवसांनी 'थीम डे' चालायचे. पालक मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ बघायचे आणि मला दाखवायचे. मलाही खुमखुमी आली. एकतीस ऑक्टोबर, दुपारी चार ते सहा, बाळं आणि चार वर्षांपर्यंतची मुलं, सगळ्यांनी वेश करून यायचं, दारोदारी खाऊ मागायचा. आणि अर्थातच परदेशी फोटोंतल्यासारखी, डोळे-नाक-तोंड कोरलेली भोपळ्याची मुंडकी.

आता इथे एक सांगायला हवं. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमच्याकडे कोहळं. आणि आमच्याकडच्या बाया अख्खं कोहळं कापत नाहीत. पहिली सुरी पुरुषानं लावायची. घरात पुरुष नसेल तर रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, तोही नसेल तर शेजारचं पाच वर्षांचं पोरगं आणायचं, त्याच्या हातात सुरी देऊन एक चरा पाडून घ्यायचा. मग बाई कापायला मोकळी. नवीन लग्न झालं तेव्हा हे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बी बाईनं लावायचं, पाणी बाईनं द्यायचं, डोक्यावर वाहून बाजारात बाईनं न्यायचं, आणि कापायला मात्र एक मिशीवाला पाहिजे! मी आत्याबाईंना तेव्हाच विचारलं होतं, काऊन म्हणून. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कोहळं म्हंजे घरातला थोरला लेक व. लेकाच्या मानेवर आईनं सुरी ठेवाव काय?"

मी तेव्हा त्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसले. पण पटलं नव्हतं, आणि न पटलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही.

हॅलोविनसाठी कोहळी आत्याबाईंच्याच शेतातली आली, चार. पोरांच्या गमतीला हवीत एवढंच मी सांगितलं होतं. तीस तारखेला दुपारी मुलं गेल्यावर मी ती ओट्यावर मांडली. सचिन अर्ध्या तासात जेवायला येणार होता. थांबता आलं असतं, हे मुद्दाम लिहितेय. मी थांबले नाही. उलट संगीताताईच्या हातात मोबाईल दिला आणि म्हटलं, काढ व्हिडिओ. ती म्हणाली, "मॅडम, साहेब येतीलच ना आता." मी म्हटलं, काढ गं. मोठा सुरा घेतला, त्यातल्या सगळ्यात गोल कोहळ्याच्या देठाजवळ टेकवला आणि वरून तळहात मारला. कचकन आत गेला. "बघा आत्याबाई, काही झालं नाही," असं कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, आणि तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

सासूशी भांडायचं होतं, भांडले. कोहळ्याशी माझं काही नव्हतं.

बिया-गर काढून मी त्याला तोंड कोरलं. त्रिकोणी डोळे, बारकं नाक. हसरं तोंड करायचं होतं, पण सुरा घसरला आणि ओठ एका बाजूने खाली गेले. रडवेलं झालं. संगीताताई म्हणाली, अगदी विहानसारखं दिसून राह्यलं. आम्ही दोघीही हसलो. मग बाकीची तिन्ही कोरली. आमची कोहळी हिरवट, चट्ट्यापट्ट्यांची, म्हणून चौघांनाही वरून केशरी पोस्टर कलर फासला. लहान मुलं असणार म्हणून मेणबत्ती नाही, आत सेलवर चालणारे दिवे ठेवले.

आत्याबाईंचा संध्याकाळी फोन आला. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी व्हिडिओचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "गोट्या कसा हाये?" त्या विहानला गोट्या म्हणतात. मी म्हटलं, मजेत. बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीची पार्टी खरं तर झकास झाली. एकाने आजोबांचं धोतर अंगावरून घेऊन त्याला डोळ्यांची भोकं पाडली होती, आणि ती भोकं सारखी कानाकडे सरकत होती. एक जण गेल्या वर्षीच्या फॅन्सी ड्रेसमधला हनुमान होऊन आला होता. त्याच्या आईचं म्हणणं, भुतांच्यात एखादा हनुमान असलेला बरा. एक छोटी चेटकीण टोपी दाताने चावून ओली करून बसली होती. विहानला मी ऑनलाइन मागवलेला केशरी गोल ड्रेस घातला होता, डोक्यावर हिरव्या देठाची टोपी. आणि तो रडत होता, नेहमीसारखा. पोरांनी कॉलनीतल्या पाच घरांतून मुरमुऱ्याचे लाडू, बिस्किटं, शेंगदाण्याची चिक्की गोळा केली आणि परत नर्सरीत आली. सव्वापाच वाजले असतील. उजेड चांगला होता.

मी विहानला खाली सतरंजीवर बसवलं आणि ज्यूसचे ग्लास भरायला वळले. तेवढ्यात खोली शांत झाली. पूर्ण नाही, आयांच्या गप्पा चालू होत्या. पण मुलं गप्प झाली. ज्यांनी दोन ते चार वर्षांची वीस मुलं एका खोलीत सांभाळली आहेत त्यांना विचारा, असं होत नाही. वळून पाहिलं तर सगळी मुलं त्या पहिल्या कोहळ्याभोवती बसलेली. आणि त्याला थोपटत होती. हनुमान थोपटत होता, चेटकीण थोपटत होती. आरोही म्हणून साडेतीन वर्षांची मुलगी आहे, तिने माझ्याकडे बघून सांगितलं, "मॅडम, हे रडून राह्यलं."

सगळ्या आया "सो क्यूट" म्हणत मोबाईल काढून तुटून पडल्या. मीही काढला. आणि व्हिडिओ काढताना माझ्या लक्षात आलं, की विहान रडायचा थांबलाय. सतरंजीवर बसलेला, तोंड उघडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. आवाज नाही.

मला आधी बरंच वाटलं, हे कबूल करते. म्हटलं, दमला एकदाचा.

रात्री झोपताना दूध पाजलं, तेव्हाही तसंच. सकाळी उठला तेव्हाही. रडायचा, म्हणजे चेहरा लाल व्हायचा, हातपाय झाडायचा, पाणी यायचं, पण टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं सगळं मुकं. हसायचाही तसाच. त्याचं ते 'बाबाबा' होतं, तेही गेलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रडून रडून घसा बसलाय, चार-पाच दिवसांत येईल आवाज. औषध दिलं. मला पटलं, न पटायला काय झालं? दहा महिने अखंड ओरडल्यावर कोणाचाही घसा बसेल.

चार दिवस गेले. पाच गेले. नर्सरीत पाळण्याच्या कडेवर त्याचं कपाळ आपटलं, टेंगूळ आलं, आणि मी शेजारच्या खोलीत होते, मला कळलंच नाही. ह्याची भीती काय असते ते सांगते. तान्ह्या पोराचं रडणं म्हणजे आईला बांधलेली दोरी असते. ती तुटली की तुम्ही त्याच्यावरून नजर काढू शकत नाही. आंघोळीला गेले तर दार उघडं ठेवायचे. रात्री दर अर्ध्या तासाने उठून हात त्याच्या नाकाशी धरायचे. पोळ्या करता करता तीन वेळा उठून बघायचे. माझं खाणं सुटलं, सचिनशी बोलणं तुटक झालं. घर इतकं शांत झालं होतं, की समोरच्या काकू विचारायला आल्या, मामाकडे पाठवलं का हो बाळाला?

सहाव्या दिवशी बुलडाण्याला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान तपासले, ठीक. घसा पाहिला, सूज नाही. म्हणाले, स्वरयंत्राच्या पडद्यांची हालचाल पाहायला हवी, संभाजीनगरला जा, थोडी भूल देऊन दुर्बिणीने बघतील. तीनच दिवसांनंतरची वेळ मिळाली. मी विचारलं, काय निघू शकतं? ते म्हणाले, आत्ताच काही सांगत नाही. डॉक्टर असं म्हणाले की काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. परतीच्या रस्त्यात विहान माझ्या मांडीवर बसून आवाज न करता रडत होता.

आत्याबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यांचा मात्र रोज फोन, गोट्या कसा हाये? मी रोज मजेत म्हणायचे. सातव्या दिवशी सकाळी त्या न कळवता डोणगावहून बसने आल्या. पिशवी खाली ठेवली, विहानला घेतलं, त्याचं ते मुकं रडणं पाहिलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी एवढंच विचारलं, "थे कोहळं कुठी हाये?"

आणि मी भडकले. सात दिवसांचं सगळं त्यांच्यावर काढलं. म्हटलं, तुमच्या कोहळ्यामुळे लेकराचा घसा बसला का? शिकल्यासवरल्या सुनेला हेच ऐकवायला आलात का? त्या शांतपणे ऐकत होत्या, विहानच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी तसं म्हनलं काय? कोहळं कुठी हाये, येवढंच विचारलं."

त्याचं पुढे काय झालं ते मला माहीतच नव्हतं. पार्टीनंतर तीन कोहळी सचिनने शेजारच्या शेळ्यांना घातली होती. पहिलं मात्र संगीताताई घेऊन गेली होती, फेकता कशाले, भाजी होते म्हणून. दुसऱ्याच दिवशी ती कापूस वेचायला आणि पुढे दिवाळीला म्हणून उंद्रीला गेली होती. विहानचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पार्टीच्या संध्याकाळी तिने त्याला झोपलेला पाहिला होता, आणि त्यानंतर आमचं बोलणं नाही. हे मी नंतर दहा वेळा पडताळून पाहिलं आहे.

आत्याबाईंचं तोंड बंद व्हावं म्हणूनच मी तिला फोन लावला. स्पीकरवर टाकला. म्हटलं, ताई, ते कोहळं होतं ना आपलं, त्याचं काय केलं? पलीकडून ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमाले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, काय कोणी सांगितलं?

"बाबांनी पुरलं त्याले," ती म्हणाली. "रडून राह्यलं होतं ना मॅडम."

मी खुर्चीवर बसले. आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि उद्या येतो म्हणून सांगितलं.

त्या दुपारी मी पार्टीचा तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. आयांचा कलकलाट, मुलांची कुजबुज, आणि मागे कुठेतरी एक बाळ रडतंय. चित्रात विहान आहे, त्याचं तोंड उघडं आहे, पण ओठ त्या आवाजाबरोबर हलत नाहीत. आता, त्या दिवशी खोलीत आणखी चार-पाच तान्ही बाळं होती, त्यांच्यातलं कोणीही असेल. मी ते तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते. पण आपल्या पोराचं रडणं आईला ओळखू येतं हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिन, मी, विहान आणि आत्याबाई गाडीने चिखलीवरून उंद्रीला गेलो. संभाजीनगरची वेळ त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. सचिन रस्ताभर पुटपुटत होता, की आपण हे काय करून राह्यलो, लोक हसतील. मीही तेच म्हणत होते. तरी गाडी मीच थांबवू दिली नाही, चहालासुद्धा नाही.

संगीताताईचं घर गावाच्या कडेला, मागे लगेच शेत. तिचे वडील, सगळे बाबाच म्हणतात त्यांना, सत्तरीचे, सडसडीत, कानाने एकदम तल्लख. त्यांनी पाणी दिलं, खाट टाकली आणि सगळं सांगितलं. कोहळं आलं तेव्हा त्याचा केशरी रंग बघून संगीताताईच्या आईला तो शेंदूर वाटला. शेंदराचं कसं शिजवायचं, म्हणून ते ओसरीत कोपऱ्यात ठेवलं. त्याच संध्याकाळी घरात तान्ह्या लेकराचा आवाज यायला लागला. गल्लीत तान्हं लेकरू नाही. शेजारचे येऊन विचारून गेले, कोण पाहुणे आले म्हणून. दोन दिवस तो आवाज होता.

"आमाले काय समजते, बाई," बाबा म्हणाले. "तिसऱ्या दिवशी आवाज बारीक बारीक होत गेला. चूप झालं, तसं मातीत देल्लं. लहान लेकराले देतात तसं."

म्हणजे हळद-कुंकू लावून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, वर कुत्र्याने उकरू नये म्हणून दगड ठेवून. आम्हाला त्यांनी शेताच्या बांधावर नेलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी संपतात तिथे तो दगड होता. सचिनने बाही वर केली आणि खाली वाकला. बाबांनी त्याला हाताने अडवलं. माझ्याकडे बघून विचारलं, "त्याले तोंड कोनं देल्लं?"

मी म्हटलं, मी.

"मंग तूच माय झाली ना त्याची. तूच काढ."

मी मातीत गुडघे टेकले. दगड बाजूला केला आणि हाताने माती उकरायला लागले. मला रडू येत होतं, राग येत होता, आणि कोणाचा राग ते कळत नव्हतं. वीतभर खाली फडकं लागलं. ओलं झालेलं. आणि कोमट. कुजताना उष्णता तयार होते, हे मी स्वतः सातवीच्या मुलांना शिकवलेलं आहे. मला माहीत आहे. पण हाताला ते कुजलेलं वाटत नव्हतं, हाताला ते अंगातला ताप वाटत होता. फडकं सारलं. साल आक्रसून गेली होती, मी कोरलेले ते त्रिकोणी डोळे मिटत आले होते. तोंड मात्र उघडंच होतं, एका बाजूने खाली ओघळलेलं.

त्यापुढे मी जे केलं ते मी ठरवून केलं नाही. ते काढल्यावर काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते फडक्यासकट उचललं, खांद्याशी धरलं आणि थोपटायला लागले. वास येत होता, पाणी गळून माझी ओढणी भिजली होती. सचिन घाबरून "अगं..." म्हणाला. मी थोपटत राहिले. तोंडाने काहीतरी म्हणतही होते, चूप माझ्या राजा, चूप... विहानला कधी इतक्या मायेनं म्हटलं नव्हतं मी ते.

आणि आत्याबाईंच्या कडेवर विहान किंचाळला.

किंचाळला म्हणजे, समोरच्या पऱ्हाटीतून बगळे उडाले. दोन्ही हात माझ्याकडे करून, लालबुंद होऊन, आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा रडला. आत्याबाई मटकन बांधावर बसल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. मी धावत गेले नाही. का ते विचारू नका. मी ते कोहळं हळूच परत खड्ड्यात ठेवलं, फडकं नीट केलं, माती लोटली, दगड ठेवला. मग उठले आणि विहानला घेतलं. तो माझ्या त्याच घाण झालेल्या खांद्यावर डोकं ठेवून तासभर रडला, आणि गाडीत चिखलीपर्यंत रडला, आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे ऐकत बसलो.

संभाजीनगरला आम्ही तरीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विहानचा आवाज बाहेरच्या बाकावरूनच ऐकला, घसा वरवर पाहिला आणि दुर्बिणीची गरज नाही म्हणून परत पाठवलं. मी त्यांना उंद्रीचं सांगितलं, कोहळ्याचं नाही, एवढंच की मी दुसरं बाळ खांद्यावर घेतलं आणि हा ओरडला. ते हसले. म्हणाले, मत्सर हो, आईच्या खांद्यावर दुसरं कोणी दिसलं की मुकं पोरही बोलेल. घसा बरा होतच आला असेल, निमित्त झालं. मला हे उत्तर आवडलं. मी ते अजूनही वापरते, सचिनने विषय काढला की हेच सांगते.

तर, बसलेला घसा, मत्सर, कुजण्याची उष्णता, आक्रसलेली साल. सगळ्याला उत्तर आहे. उंद्रीच्या लोकांना जो आवाज दोन दिवस आला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. संगीताताई खोटं बोलत नाही, आणि तिला काही माहीत नव्हतं. मांजर असेल, असं मी कितीदा स्वतःला म्हटलं. पण शेजारचे मांजर आलं का म्हणून विचारायला येत नाहीत.

विहान आता तीन वर्षांचा होईल. बडबड्या आहे, अजूनही रडका आहे. दुकानात, लग्नात, बसमध्ये भोकाड पसरतो. लोक म्हणतात गप्प करा ना हो त्याला, लाडावून ठेवलंय. मी गप्प करत नाही. आत्याबाईही करत नाहीत. त्या दिवसानंतर आम्हा दोघींत त्या विषयावर एक शब्द झालेला नाही, आणि त्यांनी मला एकदाही 'सांगितलं होतं ना' असं ऐकवलं नाही.

संगीताताई आजही नर्सरीत येते. रोज समोर असते. तिला एक गोष्ट विचारायची आहे, दोन वर्षं झाली, जिभेवर येते आणि मागे जाते. ते त्यांच्या ओसरीत दोन दिवस रडत होतं... तर त्या दोन दिवसांत त्याला कोणी उचलून घेतलं होतं का?